झोपलेलं गाव: दरड कोसळल्यानंतरच्या एका धम्मदेसनेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पावसाळ्यातली रात्र, दोन वाजून गेलेले. डोंगराचा एक भाग सुटला आणि पायथ्याच्या वाडीवर आला. ११ घरं मातीखाली गेली. पुढच्या काही दिवसांत २२ मृतदेह हाती लागले. आठ वर्षांचा एक मुलगा मात्र सापडला नाही. त्याच्या वडिलांचा मृतदेह तिसऱ्या दिवशी मिळाला होता. आई वाचली, कारण त्या रात्री ती आजारी बहिणीकडे मुक्कामाला होती.

वाचलेली माणसं रस्त्यापलीकडच्या शाळेत राहत होती. बहुतेक कुटुंबं बौद्ध. जवळच्या विहारातले भन्ते, एक वयस्कर उपासक आणि मी असे तिघं रोज तिथे जायचो. पहिले पाच दिवस धम्माचं कुणी काही बोललं नाही, वेळच नव्हता. अंथरुणं, औषधं, फॉर्म, ओळख पटवायला जाणाऱ्या नातेवाइकांची सोबत. आज वाटतं, त्या पाच दिवसांत आमच्या हातून सर्वांत कमी चुका झाल्या.

जागेचं नाव, माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. त्या आईला हे सगळं वाचून दाखवलं. तिने दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, ती केली आहे.

सहावा दिवस

पाचव्या दिवशी संध्याकाळी तीन वडीलधारी माणसं भन्तेंकडे आली. म्हणाली, गेलेल्यांसाठी काहीतरी व्हायला हवं, निदान पुण्यानुमोदन (आपलं पुण्य मृतांना अर्पण करण्याचा विधी) तरी. मागणी खरी होती. कुणाचे अंत्यसंस्कार घाईत उरकलेले, कुणी दवाखान्यातून थेट स्मशानात गेलेले. शोधकार्य अजून सुरू होतं. थांबावं का, हा प्रश्न आमच्यात निघाला आणि दोन मिनिटांत मिटला, कारण मागणारे गावातलेच होते. विचारायला आलेले तिघेही पुरुष होते आणि तिघांच्याही घरातली माणसं सापडलेली होती, हे आमच्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातवीच्या वर्गात सगळे जमले. फळ्यावर उपासकांनी खडूने गेलेल्यांची नावं लिहिली, सुवाच्य अक्षरात, क्रमांक घालून. तेविसावं नाव त्या मुलाचं होतं. त्यांच्या मनात माया होती, कुणी राहू नये एवढाच हेतू. आम्ही दोघांनीही ती यादी पाहिली आणि आम्हाला काही खटकलं नाही.

त्रिसरण-पंचशील झालं. भन्तेंनी 'अनिच्चा वत सङ्खारा' (घडलेलं सगळं अनित्य आहे) ही गाथा म्हटली. महापरिनिब्बान सुत्तात बुद्धांच्या परिनिर्वाणानंतर शक्राच्या, म्हणजे इंद्राच्या, तोंडी ती येते आणि अंत्यविधीला आपण सगळेच ती म्हणतो. इथवर लोक शांत होते, काही जण सोबत म्हणतही होते. मग भन्तेंनी धम्मपदातल्या पुप्फवग्गातली गाथा घेतली:

'पुप्फानि हेव पचिनन्तं ब्यासत्तमनसं नरं।
सुत्तं गामं महोघोव मच्चु आदाय गच्छति॥'

आणि अर्थ सांगितला: फुलं वेचण्यात मन गुंतलेल्या माणसाला मृत्यू घेऊन जातो, झोपलेल्या गावाला महापूर नेतो तसा.

मागच्या भिंतीशी बसलेली ती आई उठली. माणसांमधून वाट काढत फळ्यापाशी गेली आणि तळहाताने तेविसावं नाव पुसलं. नीट पुसलं गेलं नाही, पांढरा फराटा राहिला. तिने परत एकदा हात फिरवला. मग खडूने भरलेला हात तसाच धरून ती भन्तेंकडे वळली.

"भन्ते, आमचं गाव झोपलेलंच होतं. रात्री दोनला माणसं झोपतात. माझा मुलगा झोपला, ही त्याची चूक का?"

नेमकं काय बिघडलं

या गाथेतली झोप म्हणजे बेसावधपणा, रात्रीची निद्रा नव्हे. अट्ठकथेत, म्हणजे जुन्या टीकेत, तिला कोसलचा राजा विडूडभ याची कथा जोडलेली आहे. शाक्यांची कत्तल करून परतताना त्याचं सैन्य अचिरवतीच्या पात्रात मुक्कामाला उतरलं आणि रात्रीच्या पुरात वाहून गेलं. म्हणजे परंपरेने ही उपमा वापरली ती रक्ताने हात माखलेल्या सैन्यासाठी. आपल्या अंथरुणात झोपलेल्या मुलासाठी नव्हे. हे भन्तेंना ठाऊक होतं. पण समोर गाव होतं, रात्र होती, वाहून नेणारं काहीतरी होतं, आणि गाथा आपसूक ओठांवर आली. दृष्टान्त प्रसंगाशी जितका जुळतो तितका तो लागतो, हे त्या दिवशी आम्हाला कळलं. दूरचा दृष्टान्त ऐकणाऱ्याला आडोसा देतो. इथे आडोसाच उरला नाही.

दुसरी गोष्ट यादीची. मुलगा मेला, असं कुणी तिला सांगितलं नव्हतं. शोधपथकानेही नाही. ते तिला पहिल्यांदा आमच्या फळ्याने सांगितलं.

त्या क्षणी काय करायचं

हा प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय, आणि तो काही श्वासांत घ्यायचा होता. गाथेचा खरा अर्थ समजावून सांगता आला असता: 'ताई, झोप म्हणजे प्रमाद, तुमच्या मुलाबद्दल नाही.' बरोबर उत्तर होतं. पण शंभर माणसांसमोर तिला व्याख्या शिकवल्यासारखं झालं असतं. उपासकांनी ते सुरूही केलं होतं, "ताई, याचा अर्थ असा की..." इतकं बोलूनही झालं होतं. भन्तेंनी हाताने त्यांना थांबवलं. कार्यक्रम तसाच पुढे रेटून नंतर तिला बाजूला घेऊन बोलणं, हा दुसरा मार्ग. त्यात तिचा प्रश्न हवेत लटकत राहिला असता, आणि तो प्रश्न तिच्या एकटीचा नव्हताच.

भन्ते आसनावरून उतरले, खाली सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "नाही ताई. त्याची काहीच चूक नाही. चूक माझी झाली." पुढे काही बोलले नाहीत. ती उभी होती, मग बसली. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एका म्हाताऱ्या बाईने रडायला सुरुवात केली आणि वर्ग भरून आला. त्या दिवशी पुढे देसना, म्हणजे धम्माचा उपदेश, झाली नाही.

हा निर्णय मला आजही पूर्णपणे बरोबर वाटतो. भन्तेंना विचारलं तर ते पटाचारेची गोष्ट सांगतात. पटाचारेचं दुःखही आपत्तीतलंच: वादळाची रात्र, नवऱ्याला सर्पदंश, एक मूल ससाण्याने नेलं, एक नदीने, आणि त्याच पावसात घर कोसळून आई, वडील, भाऊ गेले. भान हरपून उघड्या अंगाने फिरणारी ती जेतवनात येते. बुद्ध तिला पहिल्यांदा काय म्हणतात? 'सतिं पटिलभ भगिनि', बहिणी, भानावर ये. कुणीतरी अंगावरचं उपरणं तिच्याकडे टाकतं, ती ते पांघरते. पुत्र, पिता, बांधव कुणी तारू शकत नाहीत, हे त्यानंतर येतं. आधी वस्त्र, मग शब्द. ही कथा आम्ही कित्येकदा सांगितली होती, आणि तिच्यातला हा क्रम सहाव्या दिवशी विसरलो होतो.

त्यानंतरच्या आठवड्यात समोर आलेले प्रश्न

पहिला कर्माचा. मुलाच्या थोरल्या काकांनी कुणाशी तरी बोलताना म्हटलं, "मागच्या जन्मीचं काहीतरी असणार." ते आईच्या कानावर गेलं. आता गप्प राहणं म्हणजे संमती देणं होतं, म्हणून भन्तेंनी काकांना गाठलं, एकटं. संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना नेमकं हेच विचारतो: माणूस जे जे भोगतो ते सगळं पूर्वी केलेल्याचं फळ, हे खरं का? बुद्ध वेदनेची आठ कारणं सांगतात. पित्त, कफ, वात, तिन्हींचा संयोग, ऋतुबदल, विषम वागणूक, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्मविपाक. सगळंच पूर्वकर्मावर घालणारे स्वतःला ठाऊक असलेल्याच्या आणि जगाने मान्य केलेल्याच्या पलीकडे जातात, असं ते म्हणतात. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये आजचं दुःख गतजन्मीच्या कर्मावर टाकणारी कल्पना ठामपणे नाकारली, तीही याच कारणाने: दुःखी माणसालाच दोषी ठरवलं की इतर सगळे मोकळे होतात.

काकांना एवढं सगळं सांगायची गरज पडली नाही. भन्तेंनी डोंगराकडे बोट केलं. किती दिवस पाऊस मुरत होता, पाण्याने माती कशी जड होते, कणांमधल्या पाण्याचा दाब वाढला की मातीला धरून ठेवणारं घर्षण कसं कमी होतं, एवढंच बोलले. काका म्हणाले, "मग वरचा रस्ता कापला तेव्हापासूनच ते सुटायला लागलं होतं." खरं कारण त्यांना माहीत होतं. पण पूर्वजन्माशी भांडायला अर्ज लागत नाही, म्हणून तो धरणं सोपं गेलं असावं.

तिथून दुसरा प्रश्न आला. एका तरुणाने चिडून विचारलं, "सगळं अनित्य आहे म्हणून उतार कापणाऱ्याला काही विचारायचंच नाही का?" विचारायचं, असं आम्ही म्हटलं. एक असलं की दुसरं होतं, 'इमस्मिं सति इदं होति', हेच तर शिकवण सांगते. कारण शोधणं तिच्या पोटातच आहे. अनित्यतेचा वापर लोकांची तोंडं बंद करायला होत असेल तर ती शिकवण राहत नाही. उपासकांनी त्याला अर्ज लिहून दिला. त्या अर्जाचं पुढे काय झालं हा वेगळा विषय आहे.

तिसरा प्रश्न ध्यानाचा. बाहेरून आलेल्या एका स्वयंसेवकाला शाळेत मरणसतीचा, म्हणजे मृत्यूचं स्मरण करण्याच्या ध्यानाचा, वर्ग घ्यायचा होता. उत्साह प्रामाणिक होता. आम्ही नको म्हटलं आणि कारणही दिलं. पाचव्या शतकात बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग या साधनाग्रंथात मरणसतीची रीत सांगताना बजावून ठेवलंय की प्रिय माणसाचं मरण आठवलं तर शोक उपजतो, जन्मदात्या आईने लाडक्या मुलाचं मरण आठवावं तसा, आणि म्हणून हे आठवणं अयोग्य रीतीचं. उदाहरण आईचंच. यापेक्षा स्पष्ट काय हवं? विनयपिटकातही वेसालीचा प्रसंग आहे: अशुभभावना (देहाच्या किळसवाण्या बाजूचं ध्यान) करता करता कित्येक भिक्खूंना देहाची शिसारी आली, त्यांनी जीव दिला, आणि बुद्धांनी उरलेल्यांना श्वासाकडे वळवलं. मात्रा चुकू शकते हे परंपरेने लपवलेलं नाही.

श्वासाकडेही आम्ही सांभाळूनच गेलो. डोळे मिटले की तो आवाज येतो, असं तीन-चार जणांनी सांगितलं होतं. म्हणून डोळे उघडे ठेवून पटांगणात चालणं, पावलांकडे लक्ष, एवढंच. ज्यांना तेही नको होतं त्यांनी पाणी भरलं.

चौथा किसागोतमीचा. मेलेल्या मुलासाठी औषध मागणाऱ्या किसागोतमीला बुद्ध, ज्या घरात कुणी मेलं नाही तिथून मोहरी आणायला सांगतात, ती गोष्ट सांगावी, असं आमच्यातल्याच एकाने सुचवलं. त्याला एका बाईने तिथेच उत्तर दिलं: "इथे कुणाच्या दारात मोहरी मागायची? सगळ्याच घरांत माणूस गेलाय." गोष्ट बाजूला ठेवली. किसागोतमीला दारोदार फिरून जे कळलं ते या शाळेत सकाळी डोळे उघडल्यावरच समोर होतं.

मुलाचं नाव

नवव्या दिवशी शोध थांबला. दुसऱ्यांदा, यावेळी नीट, पुण्यानुमोदन करायचं ठरत होतं आणि त्या नावाचं काय करायचं हा प्रश्न परत आला.

नाव घ्यावं असं म्हणणाऱ्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं. न घेतलं तर ती वर्षानुवर्षं वाट पाहत राहील. शिवाय मृत्यूची नोंद झाल्याशिवाय पुढची कागदपत्रं अडतात. नाव न घ्यावं म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की मृत्यू जाहीर करणं हे सरकारी नोंदीचं काम, आणि मनाला कबूल होणं हे वेगळं काम, दोन्हींची तारीख एक असलीच पाहिजे असं नाही. ११ मार्च २०११ च्या जपानमधल्या त्सुनामीनंतर अडीच हजारांहून जास्त माणसं अशीच बेपत्ता राहिली. तिथल्या अनेक भिक्खूंना आधी उपदेश बाजूला ठेवून ऐकायला शिकावं लागलं, आणि २०१२ पासून तोहोकू विद्यापीठात धर्मसेवकांना त्याचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. हे मी बैठकीत सांगितलं. भन्ते म्हणाले, "मग आपण चर्चा कशाला करतोय? तिला विचारू."

सहाव्या दिवसाआधी करायला हवी होती ती गोष्ट नवव्या दिवशी झाली. मी आणि भन्ते तिच्याजवळ जाऊन बसलो. ती म्हणाली, "यादीत नको. पण त्याला सोडूनही नको."

दोन्ही एकदम कसं जमणार, ते आम्हाला सुचेना. मार्ग भन्तेंनी काढला, सगळ्या जीवांबद्दल मैत्री शिकवणाऱ्या करणीयमेत्त सुत्तातून. 'दिट्ठा वा येव अदिट्ठा, ये च दूरे वसन्ति अविदूरे, भूता वा सम्भवेसी वा, सब्बे सत्ता भवन्तु सुखितत्ता.' दिसणारे वा न दिसणारे, दूर राहणारे वा जवळचे, जन्मलेले वा जन्म घेऊ पाहणारे, सगळे जीव सुखी होवोत. यात जिवंत कोण, गेलेला कोण, हे ठरवावं लागत नाही. भन्तेंनी तिला अर्थ सांगितला आणि विचारलं, "हे त्याच्यासाठी म्हणू का?" तिने ती ओळ परत म्हणायला लावली. मग म्हणाली, "'अदिट्ठा' म्हणजे न दिसणारा, ना? मग म्हणा."

यावेळी फळा कोरा होता. नावं भन्तेंच्या वहीत होती. घरातल्या एकेकाने येऊन आपापल्या माणसाचं नाव स्वतः वाचलं. तिने नवऱ्याचं वाचलं. शेवटी सगळ्यांनी मेत्त सुत्त म्हटलं. वहीत उपासकांनी पेन्सिलीने २३ हा आकडा लिहून पुढची ओळ मोकळी ठेवली होती. ते त्यांनी कुणाला विचारून केलं नव्हतं, आणि ते मला आवडलं.

परिणाम

सगळं सुरळीत झालं असं म्हणता येणार नाही. सहाव्या दिवसाच्या वर्गातून एक आजोबा उठून गेले ते विहारात परत आलेच नाहीत. त्यांचा नातू गेला होता. आम्ही दोनदा त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बसायला सांगितलं, पण बोलले नाहीत. 'सुत्तं गामं' त्यांनाही लागलं होतं, फक्त त्यांनी विचारलं नाही. जिने विचारलं तिला उत्तर मिळालं. न विचारणाऱ्याला काय मिळालं, याची टोचणी राहिली आहे.

पटांगणातलं चालणं दोन महिने चाललं, सुरुवातीला सात-आठ जण, नंतर दहा-बारा. ती आई त्यात कधीच आली नाही. ती अंत्यसंस्कारांची व्यवस्था पाहणाऱ्या बायकांसोबत काम करू लागली. आसपास कुठे मयत झाली की ही जायची. भन्तेंनी आपत्तीनंतर पहिल्या महिन्यात देसना न देण्याचं ठरवलं आहे. फक्त वंदना, परित्तपाठ (रक्षणासाठीचं सुत्तपठण) आणि बसणं.

आज पुन्हा करायचं झालं तर

कार्यक्रम कुणी मागितला, यापेक्षा कुणी मागितला नाही हे आधी पाहीन. ज्यांचं माणूस सापडलेलं नाही त्यांच्याकडे सर्वांत आधी जाईन. शोध सुरू असेपर्यंत यादी करणार नाही, आणि केली तर भिंतीवर लावणार नाही. गाथा निवडताना तिच्यात पूर, माती, पडझड, झोप, मूल आहे का, हे शब्दागणिक तपासीन. हे बारीक वाटेल, पण सहाव्या दिवशी सगळं बिनसलं ते एका शब्दावर.

ज्याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही ते असं: अनित्यतेबद्दल बोलायचंच नाही का? ज्यांनी सुरुवातीची गाथा आमच्यासोबत म्हटली त्यांना तिचा आधार होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. एका म्हाताऱ्या उपासिकेने मला सांगितलं की 'वयधम्मा सङ्खारा' (घडलेलं सगळं नाश पावणारं आहे) एवढंच ती रात्रभर पुटपुटत होती, आणि तेवढ्यावर ती रात्र निघाली. तिने ते चाळीस वर्षं म्हटलेलं होतं. बहुधा फरक तिथे आहे. आधी रुजलेलं उपयोगी पडतं. त्या दिवशी नव्याने दिलेलं टोचतं. म्हणून आता विहारात मरणसती उन्हाळ्यात घेतली जाते, आकाश कोरडं असताना.

वर्षानंतर

पहिल्या स्मृतिदिनी जागा तीच, शाळेचा वर्ग. वहीतली नावं पुन्हा वाचली गेली, ज्याने त्याने. बाविसावं नाव झाल्यावर भन्ते थांबले. ती उठली नाही. बसल्या जागेवरून तिने 'दिट्ठा वा येव अदिट्ठा' सुरू केलं, एकटीने, आणि पुढची ओळ विसरली. आजोबांची सून तिच्या शेजारी बसली होती, तिने ती पुरी केली.

नंतर सतरंज्या गुंडाळताना ती भन्तेंना म्हणाली, "ती झोपलेल्या गावाची गाथा परत सांगा एकदा. आता ऐकते." भन्ते तिच्यासमोर बसले आणि त्यांनी विडूडभापासून सुरुवात केली. मी वही आवरली. तेविसाव्या आकड्यापुढची ओळ अजून मोकळी आहे.